वारसा दीपगृह जाहीर करताना भिंग, यंत्र आणि चुनाही मोजा

प्रति,
मा. महासंचालक,
दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालय, नोएडा

प्रत माहितीसाठी: मा. संचालक, पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

स. न. वि. वि.

1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 मध्ये सागरी दिशादर्शन साहाय्याचा नवा कायदा आला. त्यात पूर्वी नसलेली एक तरतूद आहे. केंद्र सरकार आपल्या ताब्यातले एखादे दीपगृह 'वारसा दीपगृह' म्हणून जाहीर करू शकते आणि जहाजांना वाट दाखवण्याच्या मूळ कामासोबत शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन यांसाठी त्याचा विकास करू शकते. सप्टेंबर 2023 मध्ये आग्वादला दीपगृह महोत्सव झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये 75 दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. लोकांसाठी दीपगृहांचे दरवाजे उघडले याचा आम्हाला आनंद आहे आणि तो पोटात ठेवण्याचे कारण नाही.

या पत्रात मागणी एकच आहे. कोणतेही दीपगृह वारसा म्हणून जाहीर करताना त्या आदेशाला एक जोडपत्र लावावे. त्यात मनोऱ्याबरोबर काचेची खोली, भिंग, ते फिरवणारे यंत्र, ज्यावर भिंग तरंगते ते पाऱ्याचे कुंड, यंत्र चालवणाऱ्या वजनाची नळी, जुने दिवे, नोंदवह्या, कर्मचाऱ्यांची घरे आणि भिंतीतला मूळ चुना यांची एकेक नोंद असावी. नोंद असलेली वस्तू हलवायची झाली तर लेखी कारण द्यावे लागेल. नोंदच नसेल तर दुरुस्तीच्या निविदेत ती 'जुने सामान' या एका ओळीत जाते आणि भंगाराच्या वजनाने विकली जाते. पितळाला आणि बिडाला भाव असतो, काचेला नसतो, म्हणून पितळ वितळवले जाते आणि भिंगातले काचेचे लोलक (प्रिझम) फुटून जातात.

खांदेरीचेच घ्या. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतले तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी ते रोखायला जहाजे पाठवली, कारण बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा तळ त्यांना चालणार नव्हता. 1718 मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातल्या खांदेरीवर चाल केली आणि हात हलवत परत गेला. त्याच बेटावर 1867 मध्ये दीपगृह पेटले. आज ते कान्होजी आंग्रे यांच्याच नावाने ओळखले जाते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. किल्ला राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणात, दीपगृहाचा कायदा केंद्राचा, आणि बेटावर पोचायचे ते अलिबागजवळच्या थळहून होडीने. मानांकन किल्ल्याला मिळाले आहे. त्यामुळे उद्या एखाद्या आराखड्यात दीपगृह 'नंतरचे ब्रिटिश बांधकाम' म्हणून कोपऱ्यात पडेल, किंवा उलट दीपगृहाच्या सोयीसाठी तटाला पाईप आणि केबल ठोकल्या जातील. दोन्ही होऊ नये. तटबंदी, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचे ठाणे आणि 1867 चा मनोरा या सगळ्यांचा मिळून तो एकच समुद्री इतिहास आहे. दोन्ही संचालनालयांनी खांदेरीसाठी एकच देखभाल-आराखडा सह्या करून ठेवावा, आणि कोणत्या भिंतीला कोण हात लावणार ते त्यात नकाशावर रंगवून दाखवावे.

आता भिंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वात जास्त नुकसान तिथे होते आणि ते खालून दिसत नाही.

ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याचे भिंग 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा लागले. एवढ्या मोठ्या अखंड भिंगाचे वजन झेपणार नाही म्हणून त्याने काचेच्या वक्र पृष्ठाच्या पायऱ्या पाडल्या. मध्ये फुगीर डोळा, भोवती वलये, आणि वर-खाली लोलकांच्या रांगा. ज्योतीचा जो उजेड आकाशात किंवा जमिनीकडे वाया जाई, तो हे लोलक वळवून क्षितिजाकडे धाडतात. भिंगाची प्रत ज्योतीपासून काचेपर्यंतच्या अंतरावर ठरते: पहिल्या प्रतीला 920 मिलिमीटर, दुसऱ्या प्रतीला 700, चौथ्या प्रतीला 250. म्हणून जोडपत्रात 'मोठे भिंग' असे लिहून भागत नाही. हे अंतर मोजून लिहावे, भिंग ज्या काचेच्या फलकांचे बनते त्यांची संख्या लिहावी, आणि पितळी चौकटीवर कोरलेले कारखान्याचे नाव व क्रमांक जसाच्या तसा उतरवावा. आपल्याकडची बरीच भिंगे बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सच्या किंवा पॅरिसच्या कारखान्यांतून आली. तशी काच आता बाजारात मिळत नाही, एकेक लोलक घासून घ्यावा लागतो.

लोलक पितळी चौकटीत ज्या लुकणाने (पुट्टीने) बसवलेले असतात त्यात मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड), खडूची भुकटी आणि जवसाचे तेल असते, काही ठिकाणी शेंदूरही. शंभर-दीडशे वर्षांत तेल सुकते, लुकण टणक होते, भेगाळते आणि भुगा होऊन गळते. मग काच थेट पितळावर टेकते. भिंग फिरताना बारीक हादरे बसतात आणि लोलकाच्या कडांचे टवके उडू लागतात. चौकटीखाली पांढरट किंवा तांबूस भुकटी साचलेली दिसली की लुकण सुटले असे समजावे. त्यात शिसे आहे, म्हणून कोरडे घासू नये, हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय हात लावू नये. आणि ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते तर अजिबात भरू नये. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल पितळ खाते. वर्षभरात चौकटीला हिरवा थर चढतो.

भिंग पुसण्याची जुनी शिस्त आजही योग्य आहे: आधी मऊ पिसांच्या कुंचल्याने धूळ झटकायची, मगच ओले कापड. समुद्राकाठच्या धुळीत मीठ आणि वाळू असते, सुरुवातीलाच कापड फिरवले तर काचेवर ओरखडे उठतात. परदेशी दीपगृहांच्या जुन्या नियमांत तर पुसणाऱ्याने लिननचा ॲप्रन घालावा, अंगावरचे कपडे काचेला घासू नयेत, असे लिहून ठेवलेले आहे. आज शुद्ध केलेले पाणी आणि त्यात अगदी थोडा सौम्य साबण पुरतो. अमोनिया असलेला काच-स्प्रे वापरू नये. पितळ चकचकीत करणारे पॉलिश तर चौकटीजवळ आणूच नये, ते फटीत उतरून लुकण सैल करते.

विजेवर चालणारे एलईडी दिवे आले, ते यावेतच. खर्च कमी, देखभाल कमी, सौर पॅनेलवर चालतात. पण दोन चुका वारंवार होतात. पहिली, नवा दिवा बाहेरच्या कठड्यावर बसवतात आणि आतले भिंग थांबवून ठेवतात. थांबलेले भिंग उन्हात उलटे काम करते. आतला उजेड जसा ते क्षितिजाकडे धाडते, तसेच बाहेरचे ऊन गोळा करून आत एका ठिकाणी पाडते. म्हणून पूर्वी दिवसा काचेच्या खोलीला पडदे लावत. भिंग थांबवले आणि पडदेही गेले, तर दिव्याची खोबण, वायरीचे आवरण, जवळचे लाकूड सगळे होरपळते. दोन-चारशे रुपये मीटरचे जाड सुती कापड यावर पुरते.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. जुन्या भिंगाच्या मधोमध एलईडी बसवला की काम झाले असे वाटते, पण फिरता झोत डोळ्यावरून जाताना झगमगाट किती वेळ दिसतो, ते ज्योतीच्या रुंदीवर अवलंबून असते. पहिल्या प्रतीच्या भिंगात पेट्रोमॅक्ससारखी 55 मिलिमीटर रुंद जाळी असलेला रॉकेल-वाफेचा दिवा असेल, तर किरणझोत साधारण 3.4 अंश पसरतो. भिंग 20 सेकंदांत एक फेरी घेत असेल, म्हणजे सेकंदाला 18 अंश, तर जहाजावरच्या माणसाला 0.19 सेकंद झगमगाट दिसतो. त्याच जागी 10 मिलिमीटरचा एलईडी ठेवला तर झोत 0.6 अंशावर येतो आणि झगमगाट 0.035 सेकंदांचा होतो. डोळ्याला इतका छोटा झगमगाट मंद भासतो. क्षणिक झगमगाट डोळ्याला किती तेजस्वी भासतो हे सांगणाऱ्या ब्लाँडेल आणि रे यांच्या सूत्राने हिशोब केला, तर मूळ तीव्रता सारखीच धरूनही पहिल्या प्रसंगी डोळ्याला तिचा जवळपास निम्मा भाग जाणवतो, दुसऱ्या प्रसंगी सातवा हिस्साच. एलईडीची मूळ तीव्रता जास्त असल्याने कागदावर पल्ला भरून निघाल्यासारखा दिसतो. मग मच्छीमार म्हणतात 'बत्ती बारीक झाली', आणि कार्यालयाच्या मोजणीत ती ठीक असते. दोघेही खरे असतात. उपाय आहेत: अनेक एलईडी जुन्या जाळीच्या रुंदीएवढ्या गोलात बसवणे, किंवा पुढे दुधी काच लावणे. उंची मिलिमीटरमध्ये साधावी, कारण दिवा केंद्रापासून वर सरकला की झोत क्षितिजाखाली जातो आणि खाली सरकला की आकाशात.

पल्ल्याबद्दल एक हिशोब माहितीफलकांवर सर्वत्र लिहावा अशी सूचना आहे, कारण पर्यटक तो प्रश्न हटकून विचारतात. समुद्रसपाटीपासून दिव्याच्या आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळे काढा, त्यांची बेरीज करा आणि 2.08 ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येते. दिवा 49 मीटरवर असेल तर वर्गमूळ 7, होडीवर उभ्या माणसाचा डोळा 4 मीटरवर असेल तर 2, बेरीज 9, म्हणजे जवळपास 18.7 सागरी मैल. दिवा कितीही तेजस्वी केला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे थेट झोत याच्या फार पुढे दिसत नाही. मनोरे उंच का बांधले हे शाळकरी मुलाला यातून एका मिनिटात कळते.

पाऱ्याकडे मात्र तातडीने पाहावे लागेल. 1890 नंतर अवजड भिंगे पाऱ्यावर तरंगत ठेवण्याची पद्धत आली. गोल कुंडात पारा, त्यावर तरंगणारा तराफा आणि तराफ्यावर भिंग. घर्षण इतके कमी की काही टनांचे भिंग हाताच्या बोटाने फिरते. मनोऱ्याच्या मधल्या नळीतून हळूहळू खाली उतरणारे वजन त्याला गती देई, आणि रात्रपाळीचा माणूस ते दर काही तासांनी किल्ली फिरवून वर ओढी. मोठ्या कुंडांत शेकडो किलो पारा असतो. खोलीच्या तपमानाला, 20 अंशांना, बंद खोलीतल्या हवेत पाऱ्याची वाफ घनमीटरला 13 मिलिग्रॅमच्या आसपास साचू शकते. कामगारांसाठीची एक प्रचलित मर्यादा 0.025 मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाचशेपट फरक. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात काचेच्या खोलीत 20 अंश कधीच नसतात, तेव्हा आकडा आणखी चढतो.

म्हणून जिथे पाऱ्याचे कुंड आहे तिथे पर्यटकांना काचेच्या खोलीत सोडण्याआधी वाफेची मोजणी व्हावी, दारे-खिडक्या बंद ठेवून एकदा आणि उघडून एकदा. आकडा दारावर लावावा. सांडलेला पारा झाडूने लोटू नये, साध्या व्हॅक्यूम क्लीनरने तर ओढूच नये, कारण यंत्राच्या गरम हवेतून तो वाफ होऊन सगळ्या मनोऱ्यात पसरतो. त्या खोलीत ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नये, पारा ॲल्युमिनियम खातो. काम करणाऱ्यांनी सोन्याची अंगठी खाली काढून ठेवावी. पारा काढायचाच ठरला तर तो पोलादी कुप्यांत, तोलून, नोंद करून जावा. भारताने 2018 मध्ये पाऱ्यावर निर्बंध घालणारा मिनामाता करार मान्य केला आहे, त्यामुळे तो मोकळ्या बाजारात जाता कामा नये. आणि पारा काढला तरी कुंड, तराफा आणि चक्रे जागीच ठेवावीत. त्यांत पाऱ्याचे अंश उरले नसतील तर ती धोकादायक नाहीत, धोका पाऱ्यात असतो. दोन्ही एकत्र भंगारात काढणे ही सर्वात दुखावणारी चूक आहे.

भिंग खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नसेल तर समोरासमोरचे फलक जोडीने काढावेत. एकाच बाजूचे काढले की तराफा कलंडतो. खूणपट्टी पितळावर बांधावी, काचेवर चिकटवू नये. फलक उभे ठेवून पेटीत बांधावेत, आडवे नाही.

अशाच नोंदी लहान दिव्यांच्याही व्हाव्यात. स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने ॲसेटिलीन वायूच्या दिव्यासाठी सूर्यझडप बनवली, त्याला 1912 चे नोबेल मिळाले. काळी कांडी ऊन शोषून लांब होते आणि वायू बंद करते, अंधार पडला की आखडते आणि वायू सोडते. तळहाताएवढी ही वस्तू जुन्या गोदामाच्या फळीवर सापडली तर ती ओळखणारा माणूस तिथे हवा.

काचेच्या खोलीची हवा हा विषय सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तेलाच्या दिव्यांच्या काळात धूर आणि वाफ बाहेर जावी म्हणून खालच्या भिंतीत झरोके आणि घुमटाच्या टोकाला गोळा असे. वीज आल्यावर पक्षी आत येतात म्हणून झरोके बुजवले गेले. आता रात्री काचेवर आतून दव साचते, ते मीठ विरघळवत लोखंडी चौकटीत उतरते आणि खालचा सांधा आधी सडतो. झरोके उघडावेत, त्यांना बारीक जाळी लावावी. स्टीलचे स्क्रू जुन्या कांस्याच्या चौकटीत थेट घालू नयेत, खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यातला कमकुवत धातू गळून जातो.

आता भिंती. कोकणातले आणि गोव्यातले जुने मनोरे काळ्या दगडात किंवा जांभ्यात, चुन्यात बांधलेले आहेत. आग्वादचा 1864 चा जुना मनोरा 1976 मध्ये विझला. मुंबईच्या दक्षिण टोकाला प्रॉन्ग्सच्या खडकावर टॉमस ऑर्मिस्टनने 1875 मध्ये उभारलेल्या दीपगृहाला सहा लाखांवर रुपये लागले. ओहोटीला तिथे चालत जाता येते आणि भरतीला त्याचा पाया पाण्यात असतो. असे बांधकाम उभे राहण्यामागे जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याचा धडा आहे. इंग्लंडमधले 1759 मध्ये पुरे झालेले एडिस्टोनचे दीपगृह बांधण्याच्या कामात त्याला दिसले की चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखालीही धरतो. आपल्याकडे तेच काम सुर्खीने (भाजलेल्या विटांच्या भुकटीने) केले.

या भिंतींना सिमेंटचा गिलावा म्हणजे ओल्या अंगावर प्लॅस्टिकचा कोट. दगडात शिरलेले खारे पाणी बाहेर पडायला वाट शोधते. दगडांच्या सांध्यातल्या चुन्याच्या दरजेतून ते सहज निघते आणि मीठ दरजेच्या तोंडाशी फुलते. दरज झिजते, ती पुन्हा भरता येते. सिमेंटने दरज बंद केली की पाणी दगडातून निघते, मिठाचे स्फटिक दगडाच्या पोटात वाढतात आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. जांभ्याच्या भिंतीवर हे डोळ्यांना लगेच दिसते: सिमेंटच्या दरजा बरगड्यांसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड दोन बोटे आत गेलेला. भिंतीतल्या लोखंडी पट्ट्या गंजल्या तर गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. तिथे वरून गिलावा मारणे म्हणजे दुखणे झाकणे.

दुरुस्तीच्या निविदेत एवढे नेमके लिहावे. जुनी दरज छिन्नीने, हाताने, रुंदीच्या दोन-अडीच पट खोल उकरायची, ग्राइंडर चालवायचा नाही. एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली नदीची वाळू, मूळ मिश्रण तपासून त्याप्रमाणे सुर्खी. समुद्राची वाळू अजिबात नाही. भरल्यावर किमान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर आत कडक होत जातो. म्हणून काम ऑक्टोबर ते मार्चमध्येच व्हावे. आर्थिक वर्ष संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत घाईने भरलेला चुना जूनच्या पहिल्या सरीत वाहून जातो, आणि मग 'चुना टिकत नाही, सिमेंट वापरा' असा शेरा फाईलवर पडतो. हा दोष तारखेचा असतो. ज्या भिंतीत मीठ खोल गेले आहे तिथे आधी कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून दोन सेंटिमीटर जाड लिंपावा, सुकला की काढावा, आणि त्यातले मीठ कमी होईपर्यंत हेच परत करावे.

रंग लावताना मनोऱ्याचे दिवसाचे रूपही सांभाळावे. प्रॉन्ग्सचे काळे, पांढरे आणि लाल पट्टे सजावट नाहीत, खलाशी ते नकाशावरच्या नोंदीशी ताडून पाहतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यावर चित्रे काढू नयेत. ॲक्रिलिक रंगाऐवजी श्वास घेणारा चुनारंग किंवा खनिज रंग लावावा.

जागा बदलली म्हणजे जुने काढून टाकायचे असे नसते, हे चेन्नईने दाखवले आहे. तिथली बत्ती 1796 मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इमारतीवर होती, 1844 मध्ये ग्रॅनाइटच्या खांबावर गेली, 1894 मध्ये उच्च न्यायालयाच्या घुमटावर आणि 1977 मध्ये मरीनाच्या मनोऱ्यावर. 1844 चा खांब अजून न्यायालयाच्या आवारात उभा आहे. महाबलीपुरमला 1904 च्या दगडी दीपगृहाशेजारीच ते पल्लवकालीन मंदिर आहे, ज्याच्या माथ्यावर त्याआधी दिवा ठेवत. हे पाहायला लोक येतात, कारण आधीचे आणि नंतरचे तिथे शेजारी शेजारी दिसते.

नोंदवह्यांबद्दल थोडक्यात. रोज दिवा लावल्याची-विझवल्याची वेळ, तेलाचा खर्च, वारा, धुके, जवळून गेलेली जहाजे असे सगळे त्यांत असते. हवामानाच्या आणि मच्छीमारीच्या अभ्यासकांना याचा उपयोग आहे. त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांची छायाप्रत घ्यावी आणि राज्य पुराभिलेखागारात एक प्रत द्यावी. निवृत्त लाईटकीपरांकडून यंत्र चालवण्याची पद्धत त्यांच्या भाषेत, यंत्रासमोर उभे करून, चित्रित करून ठेवावी. भिंग किती सेकंदांत फिरले पाहिजे हे वहीत सापडेल. ते अडले की कुठे कान लावायचा, ते वहीत सापडणार नाही.

दीपगृहांचा खर्च जहाजांकडून घेतलेल्या करातून चालतो, तो वारशावर का करायचा, असे विचारले जाईल. 2021 च्या कायद्याने वारसा दीपगृहाच्या विकासाला मान्यता देऊन त्याचे उत्तर दिलेले आहे, आणि या पत्रातल्या बहुतेक कामांना पैशापेक्षा आधी नोंद आणि योग्य महिना लागतो: पडदे, झरोके, मोजणी, खूणपट्ट्या, वेळेवर काढलेली निविदा.

पावसाळ्यानंतर थळच्या होड्या खांदेरीला लागू लागतात. त्या पहिल्या आठवड्यात दोन्ही संचालनालयांचे अधिकारी, एक चुन्याचा गवंडी आणि भिंग ओळखणारा एक माणूस एकाच होडीने जावेत. जोडपत्राचा कोरा नमुना सोबत न्यावा आणि काचेच्या खोलीपासून सुरुवात करून खाली यावे. तिथे भरलेला नमुना मग पुढच्या प्रत्येक दीपगृहाला वापरता येईल.

आपले,
किनाऱ्यावरच्या जुन्या दीपगृहांच्या जतनासाठी झटणारे काही जण
कोकण आणि गोवा